पत्रा, नळी आणि भरंवसा

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांसमोर राजे, तह आणि लढाया उभ्या राहतात. परंतु ज्या दोन वस्तूंवांचून आधुनिक संसाराचा एक दिवसहि नीट पार पडणार नाहीं, त्यांचा इतिहास आपल्यापैकीं फार थोड्यांस ठाऊक असतो. त्या वस्तू म्हणजे लोखंडाचा पत्रा व लोखंडाची नळी. घरावरील पन्हळी छप्पर, धान्याचा डबा, आगगाडीचा डबा, जहाजाची बाजू, हा सर्व पत्राच. आणि पाण्याचा नळ, सायकलीचा सांगाडा, बॉयलरमधील ज्वाळेची व वाफेची वाट, ही सर्व नळीच. दोघांचें कूळहि एकच. कारण नळी म्हणजे पुष्कळदां वळवून सांधलेला पत्राच होय. प्रस्तुत लेखांत मला दाखवावयाचें आहे तें हें कीं, हीं दोन्ही बनविण्याची विद्या मनुष्यानें जितक्या लवकर हस्तगत केली, तितक्या लवकर त्यांच्यावर भरंवसा केव्हां ठेवावा आणि केव्हां ठेवूं नये, हें त्यास उमगलें नाहीं. आणि तें उमगेपर्यंत जें मोल द्यावें लागलें, तें पैशांत मोजतां येण्याजोगें नव्हतें.

प्राचीन काळापासून पत्रा बनत असे तो घणाच्या घावांनीं. लोहार कितीहि कुशल असला तरी प्रत्येक घाव सारखा बसत नाहीं. म्हणून असा पत्रा कोठें जाड तर कोठें पातळ व्हावयाचा. धातु दोन फिरत्या रुळांमधून दाबून काढावा, ही कल्पना पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिओनार्दो द विंची याच्या टांचणवह्यांत रेखाटलेली आढळते. परंतु लोखंडाचे पत्रे व्यवहारांत लाटले जाऊं लागले ते सतराव्या शतकाच्या शेवटीं, वेल्समधील पाँटिपूल येथें हॅनबरी घराण्याच्या कारखान्यांत. पुढें १७८३ आणि १७८४ या सालीं हेन्री कॉर्ट यानें खांचा पाडलेल्या रुळांचें आणि कच्चें बीड भट्टींत ढवळून त्याचें घडीव लोखंड करण्याच्या रीतीचें, अशीं दोन पेटंटें घेतलीं. या दोन युक्तींच्या जोडीनें लोखंडाचें उत्पन्न अनेक पटींनीं वाढलें. कॉर्टच्या नशिबीं मात्र सुख नव्हतें. त्याच्या भागीदाराच्या वडिलांनीं आरमाराच्या तिजोरींतील पैसा त्याच्या धंद्यांत गुंतविला होता. १७८९ सालीं ते वारले तेव्हां सरकारनें कॉर्टवर जप्ती आणली, आणि १८०० सालीं तो अल्पशा पेन्शनीवर दिवस काढीत निवर्तला.

लाटणें हा शब्द आपल्या स्वयंपाकघरांतला. तथापि पोळी लाटणें आणि पोलाद लाटणें यांत एक मोठा भेद आहे. पोळपाटावर लाटणें फिरतें व कणीक जागच्या जागीं पसरते. कारखान्यांत रूळ आपल्या जागीं राहून परस्परविरुद्ध दिशांनीं फिरतात आणि लालबुंद पोलाद त्यांच्या फटींतून ओढलें जातें. तेव्हां खरें साम्य आहे तें उसाच्या चरकाशीं. आणि चरक ज्यानें पाहिला आहे, त्यास त्यांतील भय समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. दोन रूळ जेथें एकमेकांस भिडतात, तेथें ते जें सांपडेल तें आंत ओढतात. ऊस कोणता व माणसाचा हात कोणता हा विवेक त्यांच्यापाशीं नाहीं. बाही, पदर, हातमोज्याचें टोंक एवढें निमित्त पुरतें. म्हणून त्या फटीपुढें जाळी असावी, रूळ फिरत असतां ते पुसूं नयेत, आणि यंत्र थांबविण्याची कळ हाताच्या टप्प्यांत असावी, हे नियम आज सर्वत्र मान्य झाले आहेत.

आतां नळीकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनच्या रस्त्यांवर कोळशाच्या वायूचे दिवे लागूं लागले. १८१२ सालीं त्याकरितां सनद मिळालेली कंपनी उभी राहिली; पण वायु वाहून नेण्यास लोखंडाच्या नळ्या आणाव्यात कोठून? नेपोलियनाशीं चाललेलें युद्ध १८१५ सालीं संपलें, तेव्हां निरुपयोगी झालेल्या बंदुकांच्या नळ्या एकीस एक जोडून त्यांतून वायु नेण्यांत आला. संहाराच्या साधनानें घरांत उजेड पाडावा, असे प्रसंग इतिहासांत विरळाच. पण बंदुकींचा सांठा कांहीं अक्षय नव्हता. अखेर १८२५ सालीं वेन्सबरी येथील कॉर्नेलियस व्हाइटहाउस यानें निराळी रीत काढली. लांबट पट्टी पांढरी होईतों तापवावयाची आणि घंटेच्या आकाराच्या तोंडांतून ओढून काढावयाची. ओढतां ओढतां तिच्या दोन्ही कडा गोल वळून एकमेकींस भिडत व उष्णतेनेंच जुळून जात. नळी स्वस्त झाली. परंतु तिच्या अंगावर लांबच लांब एक सांधा राहिला, आणि पुढील साठ वर्षांचा इतिहास हा बव्हंशीं त्या सांध्याच्या भयाचा इतिहास आहे.

वायूचा दाब बेताचाच. वाफेचें तसें नाहीं. बॉयलर म्हणजे लोखंडी पत्र्यांच्या कडा एकमेकींवर चढवून रिव्हेटांनीं जखडलेलें प्रचंड भांडें. पत्र्यांतील दोष बाहेरून दिसत नाहीं, आंतून चढलेला गंजहि दिसत नाहीं. आणि फुटण्याच्या क्षणापर्यंत भांडें जसेंच्या तसें उभें असतें. इंग्लंडांतील कापडाच्या गिरण्यांत असे स्फोट वारंवार होत, आणि त्यांचा दोष बहुधा मृत आगवाल्याच्या माथीं मारला जाई. पाणी कमी पडलें, त्यानें लक्ष दिलें नाहीं, असें म्हटलें कीं चौकशी संपली! ह्या प्रकारास शास्त्रीय उत्तर दिलें तें मँचेस्टरच्या विल्यम फेअरबेर्न यानें. ज्या बॉयलरांत आगीची नळी पाण्याच्या मधून जाते, तेथें दाब त्या नळीवर बाहेरून पडतो. आंतून दाब असला तर नळी फुगून अधिकच गोल होऊं पाहते. बाहेरून असला तर तिच्या गोलाईंतील किंचित् वांकहि वाढत जातो आणि ती एकाएकीं चेपते. १८५८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत फेअरबेर्ननें दाखविलें कीं, पत्र्याची जाडी तीच ठेवून नळी लांब केली तर तिचें बळ घटतें. त्याचा उपायहि साधा होता: ठराविक अंतरावर कडीं बसवून लांब नळीचे जणू आंखूड तुकडे करावयाचे. जो दोष आगवाल्याचा समजला जात होता, तो पुष्कळदां नकाशा काढणाराचा होता, हें सिद्ध झालें. मुंबईच्या गिरण्यांतून पुढें जे लँकेशायर जातीचे बॉयलर बसले, त्यांचा एक जनक हाच फेअरबेर्न होय.

परंतु ज्ञान झालें म्हणजे आचरण होतेंच असें नाहीं. अमेरिकेंतील यादवी युद्ध संपत आलें असतां, १८६५ च्या एप्रिल महिन्यांत, शत्रूच्या तुरुंगांतून सुटलेले उत्तरेकडील शिपाई ‘सुलताना’ नांवाच्या आगबोटीनें मिसिसिपी नदींतून घरीं निघाले होते. बोटीस परवानगी होती ३७६ उतारूंची. चढविले होते दोन हजारांहून अधिक, कारण सरकार दर शिपायामागें भाडें देत होतें. व्हिक्सबर्ग येथें तिच्या एका बॉयलरचा पत्रा फुगलेला आढळला. कारागिराचें म्हणणें होतें कीं दुरुस्ती मोठी करावयास हवी. पण थांबलें तर उतारू दुसऱ्या बोटीस मिळतील, या भीतीनें मूळच्या पत्र्याहून पातळ असें ठिगळ लावून बोट हांकारली. २७ एप्रिलच्या पहांटेपूर्वीं मेंफिसच्या वर बॉयलर फुटले आणि हजारांहून अधिक माणसें भाजून वा बुडून मेलीं. स्फोट नेमका कशामुळें झाला याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहेत. ठिगळ, बोटीचा कलता तोल, पाण्याची कमी पातळी, पत्र्याची हीन जात, हीं सर्व कारणें सांगितलीं जातात. परंतु यांपैकीं एकहि कारण दैवाचें नव्हतें, सर्व माणसांचींच होतीं, एवढें निश्चित.

अशा अनुभवांतून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. पहिली पाण्याच्या परीक्षेची. नवें भांडें अथवा नळी वाफेनें न पारखतां थंड पाण्यानें पूर्ण भरून, चालू दाबाहून अधिक दाब देऊन पारखावी. याचें मर्म असें कीं वाफ किंवा हवा दाबली असतां त्यांत स्प्रिंगेप्रमाणें शक्ति सांठते. पाणी जवळजवळ दबतच नाहीं. म्हणून पाण्याखालीं नळी फाटली तर पाण्याची चिळकांडी उडते. वाफेखालीं फाटली तर इमारत उडते. दुसरी गोष्ट कायद्याची. मालकाच्या हिताविरुद्ध बोलण्यास मोकळा असा परीक्षक समाजानेंच नेमावा, हें तत्त्व हळूहळू मान्य झालें. कलकत्त्यास १८६३ सालीं घोर स्फोट झाला, आणि १८६४ सालीं बंगालनें बॉयलर-तपासणीचा कायदा केला. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील ब्रॉक्टन गांवीं १९०५ सालीं जोड्यांच्या कारखान्यांत ५८ माणसें दगावलीं, तेव्हां कोठें त्या प्रांतानें कडक नियम केले. आपल्याकडे प्रांतोप्रांतींचे निरनिराळे कायदे जाऊन सबंध देशाकरितां एक कायदा १९२३ सालीं झाला. २०२५ सालीं त्याची जागा नव्या कायद्यानें घेतली.

इकडे नळीचा सांधाच नाहींसा करण्याचा यत्न चालू होता. जर्मनींतील रेमशाइट येथें कानशींचा कारखाना चालविणाऱ्या मानेसमान घराण्यांतील राइनहार्ट व माक्स या बंधूंनीं १८८५ सालीं एका विलक्षण रीतीचें पेटंट घेतलें. दोन रूळ एकमेकांशीं किंचित् तिरपे बसवून त्यांमध्यें तापलेला भरीव गज फिरवीत नेला, तर त्याच्या गाभ्यांत ताण पडून तो मधोमध सैल होतो; तेथें अणकुचीदार खिळा धरला कीं भरीव गजाची पोकळ नळी होते. पुढें तीच नळी पातळ व लांब करण्यासाठीं त्यांनीं दुसरी रीत काढली. तींत नळी कांहीं पुढें जाते, किंचित् मागें येते, पुन्हा पुढें जाते. लक्झेंबर्गांतील एश्टरनाख येथील यात्रेकरू पूर्वीं अशाच ठेक्यानें नाचत जात, म्हणून तिला यात्रेकरूचें नांव मिळालें. आपल्या दिंडींतील पावली ज्यानें पाहिली आहे, त्यास ही गति सांगावी लागणार नाहीं.

पोलादी नळी काय सोसूं शकते, हें पाहण्यास आपणांस दूर जावयास नको. खोपोलीचें टाटांचें वीजघर १९१५ सालीं सुरू झालें. लोणावळ्याकडील तलावांचें पाणी घाटावरून नळांतून सुमारें १,७०० फूट खालीं येतें. म्हणजे पायथ्याशीं नळाच्या पोटांत दर चौरस इंचावर सातशें पौंडांहून अधिक दाब पडतो. आपल्या घरांतील दिवा लागला, तो ह्या पत्र्यावरील भरंवशावर.

मात्र पत्रा लाटणाऱ्या माणसाच्या हाताची काळजी सर्वांत शेवटीं घेतली गेली. जमशेदपुराजवळ गोलमुरी येथें १९२० सालीं स्थापन झालेल्या कंपनीनें घासलेटच्या डब्यांसाठीं कल्हईचा पत्रा बनविण्यास आरंभ केला, तो वेल्सच्या हातरीतीनें. तापलेला पत्रा चिमट्यानें रुळांत द्यावयाचा, पलीकडच्यानें तो परत फेंकावयाचा, दुमडावयाचा, पुन्हा तापवावयाचा. असे आठआठ पदर एकत्र लाटून मग ते हातांनीं सोलून वेगळे करावयाचे. वेल्समध्यें हें सोलण्याचें काम पुष्कळदां तरुण मुली करीत, आणि त्या कडा सुरीसारख्या असत. भट्टीची धग आणि त्यावर आपल्याकडील उन्हाळा! १९२९ सालीं गोलमुरीस कित्येक महिने संप चालला. तिकडे अमेरिकेंत त्याच दशकांत जॉन टायटस यानें ॲशलंड येथें एकामागून एक रूळ मांडून अखंड पट्टा लाटण्याची गिरणी उभी केली होती. कालांतरानें तिच्याच वंशजांनीं ती हातरीत इतिहासजमा केली.

तेव्हां भय संपलें काय? नाहीं, त्यानें रूप पालटलें. आज पत्र्याची एकेक गुंडाळी वीस-पंचवीस टनांची असते. ती पाचर न लावतां ठेवली तर घरंगळते. तिच्या भोंवतालची आवळपट्टी कापतांच आंतील ताण मोकळा होऊन टोंक चाबकासारखें उसळतें. म्हणून कापणारानें बाजूस उभें राहावें. नळ्यांची रास दोन्ही अंगांनीं अडविलेली असावी, यारीला टांगलेल्या ओझ्याखालून कोणीहि जाऊं नये, आणि कडा हाताळतांना चामड्याचे हातमोजे असावेत. जस्ताच्या पत्र्यास जोड देतांना निघणारा धूर हुंगला तर त्याच रात्रीं हुडहुडी भरून ताप येतो. आणि दोन्ही तोंडें बंद असलेली नळी कधींहि तापवूं नये. आंत कोंडलेली हवा अथवा ओल वाट मागते, आणि वाट न मिळाली तर ती नळीचाच लहानसा बॉयलर करून टाकते. आधीं एक भोंक पाडावें, इतकेंच. ज्या अज्ञानानें १८६५ सालीं हजारांचा बळी घेतला, तेंच आज एखाद्या गल्लींतील जोडकाम करणाऱ्या पोराचा डोळा घेतें. फरक केवळ प्रमाणाचा.

पोलाद कोणाचा विश्वासघात करीत नाहीं. त्याचें बळ किती हें तें विचारणारास प्रामाणिकपणें सांगतें. मात्र विचारण्याचे श्रम व वेळ यांचा खर्च आपणांस सोसावा लागतो. तो वांचविण्याचा मोह ‘सुलताना’च्या कप्तानास झाला, आणि प्रत्येक पिढींत कोणास ना कोणास होतोच. म्हणून तपासनीसाच्या शिक्क्याकडे आपण सरकारी उपद्रव म्हणून पाहूं नये. त्या शिक्क्यामागें कित्येक अनामिक आगवाले उभे आहेत. त्यांच्या मरणाची किंमत आपण चुकविलेली नाहीं, निदान त्यांनीं शिकविलेला धडा तरी विसरूं नये.