वर्णनात्मक साथरोगविज्ञान
रोग कोणास, कोठे व केव्हा होतो याची पद्धतशीर मोजदाद करणारी साथरोगविज्ञानाची शाखा. नुसती रुग्णसंख्या येथे पुरत नाही. ती लोकसंख्येशी ताडून दर काढावा लागतो. ठराविक काळात नव्याने झालेल्या रुग्णांचे प्रमाण व एका वेळी असलेल्या एकूण रुग्णांचे प्रमाण ही भिन्न होत. दीर्घकालीन रोगांत दुसरे फुगलेले दिसते. रुग्णवृत्ते, एककालिक पाहण्या आणि लोकसमूहांची तुलना हे अभ्यासाचे प्रमुख प्रकार आहेत.

यांपैकी शेवटच्या प्रकारातील धोका लंडनमधील १८४८–४९ च्या पटकीच्या साथीत दिसून आला. विल्यम फार (१८०७–८३) यांनी जिल्हावार मृत्युदर काढून १८५२ मध्ये दाखविले की, वस्ती टेम्स नदीच्या पातळीपासून जितकी उंच, तितके मृत्यू कमी. हा संबंध खरा होता. परंतु फार यांनी मुख्य दोष नदीकाठच्या दूषित हवेस दिला. सखल भागातील पुष्कळ लोक नदीचे घाण पाणी पीत, ही बाब गौण ठरली. जॉन स्नो यांनी १८५४ च्या साथीत दक्षिण लंडनमधील दोन कंपन्यांचे पाणी घेणाऱ्या घरांची तुलना केली. शहरातील दूषित प्रवाहातून पाणी उचलणाऱ्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३१५, तर वरच्या अंगाचे पाणी देणाऱ्या कंपनीच्या तितक्याच घरांमागे ३७ मृत्यू आढळले. ही तुलना अर्थात वर्णनाच्या पलीकडची, विश्लेषणात्मक होय. १८६६ च्या साथीत खुद्द फार यांनीच मृत्यूंच्या नोंदींवरून पूर्व लंडनच्या पाणीपुरवठ्याकडे बोट दाखविले.