नाव चुकले, चित्र बरोबर

प्राण्याच्या चित्राखाली नाव छापले की ओळख पक्की झाली, असे आपण मानतो. एका निळ्या पोपटाच्या बाबतीत मात्र नाव चुकले होते आणि चित्र बरोबर होते.

इ. स. १८३० मध्ये एडवर्ड लिअर या अठरा वर्षांच्या चित्रकाराने लंडनमध्ये पोपटांचे सचित्र पुस्तक भागाभागाने काढण्यास सुरुवात केली. १८३२ पर्यंत त्यात ४२ चित्रे झाली. ही चित्रे शिळाछापाची होती व त्यांत रंग हाताने भरलेले होते.

शिळाछापाचे तत्त्व सोपे आहे. घासून सपाट केलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढतात व दगडावर गोंद आणि आम्ल यांची प्रक्रिया करतात. दगड ओला करून शाईचा रूळ फिरवला की कोरा भाग पाणी धरतो, तर रेषा तेलकट शाई धरतात. कागद दाबला की चित्र डावे-उजवे उलटून उमटते. रविवर्मा छापखान्यातील देवदेवतांची चित्रेही याच तत्त्वावर छापली गेली. ताम्रपटासाठी बहुधा वेगळा कोरक्या लागे. येथे चित्रकाराचा हात थेट दगडावर चाले.

शिवाय लिअर शक्यतो जिवंत पक्षी समोर ठेवून चित्र काढी. पेंढा भरलेल्या पक्ष्याच्या उघड्या कातडीचा रंग उडतो. मकाव पोपटांत चोचीच्या मुळाशी असलेली पिवळी कातडी तर ओळखीची महत्त्वाची खूण असते. लिअरने एका मकावाचे चित्र ‘हायसिंथ मकाव’ या नावाखाली छापले. चित्रातील पिवळा ठिपका व निळ्या रंगाची छटा मात्र वेगळी होती. १८५६ मध्ये नेपोलियनचा पुतण्या, पक्षिशास्त्रज्ञ शार्ल ल्युसिआँ बोनापार्त याने ही जाती वेगळी मानून तिला लिअरचेच नाव दिले.

तरीही हा पक्षी रानात नेमका कोठे राहतो, हे सव्वाशे वर्षे कळले नव्हते. तो संकर असावा, अशीही शंका घेतली गेली. अखेर १९७८ मध्ये हेल्मुट झिक यांना ईशान्य ब्राझीलच्या बाहिया राज्यातील कोरड्या प्रदेशात त्याचे थवे आढळले.

आपल्या प्रयोगवह्यांत पुष्कळदा पुस्तकातील आकृतीच उतरते. नमुना बाजूला पडून राहतो. नाव पुढे कोणीही दुरुस्त करू शकतो. न पाहिलेली खूण मात्र नंतर कोणालाच भरून काढता येत नाही. म्हणून विद्यार्थ्याने समोर दिसले तेच काढले असेल, तर पुस्तकाशी जुळत नाही एवढ्यावरून त्यावर लाल फुली मारण्यापूर्वी आपण नमुना पुन्हा एकदा पाहावा.