गाडगीळ समिती म्हणजे नेमकं काय?

पश्चिम घाट राखून विकास कसा करायचा, हे सुचवण्यासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मार्च 2010 मध्ये नेमलेली ही तज्ज्ञ समिती. अध्यक्ष होते पुण्यात जन्मलेले परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ. अहवाल ऑगस्ट 2011 मध्ये सादर झाला.

गुजरात ते तमिळनाडू, सहा राज्यांतला अख्खा घाट संवेदनशील मानून समितीने त्याचे तीन स्तर पाडले. सर्वांत नाजूक स्तरात नव्या खाणी आणि मोठी धरणं नकोत, असं सुचवलं. मात्र हद्दी आणि नियम वरून लादू नयेत, ग्रामसभांशी बोलून ठरवावेत, हा अहवालाचा गाभा.

राज्यांनी विरोध केला. मग 2012 मध्ये के. कस्तुरीरंगन यांचा गट नेमला गेला. त्याने जवळपास 37 टक्के घाटालाच संरक्षण सुचवलं. त्यावर 2014 पासून मसुदा अधिसूचना निघत राहिल्या. सहावी निघाली 31 जुलै 2024 ला, वायनाडच्या भूस्खलनानंतर दुसऱ्याच दिवशी. अंतिम अधिसूचना तोवर निघाली नव्हती.

सीमाभागाला हा विषय परका नाही. म्हादई खानापूर तालुक्यात उगम पावते आणि गोव्याची तहान भागवते. वरचं जंगल तुटलं, तर झळ दोन्हीकडच्या गावांना बसणार. गाव कुठल्या राज्यात, हे पाणी विचारत नाही.