गुरुत्वीय तरंगांचा शोध
वस्तुमानाच्या प्रवेगी हालचालींमुळे अवकाश-कालात निर्माण होऊन प्रकाशवेगाने पसरणाऱ्या क्षोभांस गुरुत्वीय तरंग म्हणतात. व्यापक सापेक्षता सिद्धांतावरून आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये त्यांचे भाकीत केले. तथापि १९३६ मध्ये खुद्द त्यांनाच त्यांच्या अस्तित्वाविषयी शंका आली व ती त्यांनी पुढे मागे घेतली. जोसेफ वेबर यांनी १९६९ मध्ये ॲल्युमिनियमाच्या दंडगोलांच्या साहाय्याने हे तरंग आढळल्याचा दावा केला. परंतु इतर प्रयोगशाळांत त्याचा पडताळा न आल्याने तो अमान्य झाला. तरीही या प्रयत्नाने संशोधनास चालना मिळाली. रसेल हल्स व जोसेफ टेलर यांनी १९७४ मध्ये शोधलेल्या युग्म स्पंदकाचा कक्षीय आवर्तकाल सिद्धांतानुसार घटत असल्याचे नंतर दिसून आले. हा अप्रत्यक्ष पुरावा होय.

प्रत्यक्ष नोंद १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन व हॅनफर्ड येथील लायगो व्यतिकरणमापकांत झाली. त्यांच्या ४ किमी. लांबीच्या भुजांत पडलेला फरक प्रोटॉनाच्या व्यासाच्या शतांशाहूनही कमी होता. सु. १३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून हे तरंग निघाले होते. पूर्वानुभव लक्षात घेता काही महिने कसून छाननी केल्यावरच ११ फेब्रुवारी २०१६ रोजी हा शोध जाहीर करण्यात आला. राइनर वाइस, बॅरी बॅरिश व किप थॉर्न यांना त्याबद्दल २०१७ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा काढण्याच्या पद्धती विकसित करण्यात पुण्याच्या आयुका संस्थेतील संजीव धुरंधर प्रभृतींचा महत्त्वाचा वाटा आहे. हिंगोली जिल्ह्यातील लायगो-इंडिया वेधशाळेस केंद्र शासनाने २०२३ मध्ये मंजुरी दिली. ती कार्यान्वित झाल्यावर तरंगांच्या उगमाची दिशा अधिक अचूकपणे ठरविता येईल.