शालेय प्रगतीची उद्दिष्टे व ग्रामसभा (चंद्रपूर–गडचिरोली)

विद्यार्थ्यांच्या प्रगतीची उद्दिष्टे लोकांशी विचारविनिमय करून ठरवण्याची प्रक्रिया. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) शाळेचा विकास आराखडा व्यवस्थापन समितीकडे सोपवला. समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. उद्दिष्ट मात्र वरून येते : केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानानुसार (२०२१) तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचावेत. गडचिरोलीत अनेक मुलांची घरची भाषा माडिया वा गोंडी, चंद्रपूरच्या जिवती भागात गोंडी वा कोलामी. मराठीतला वाचनवेग मोजताना भाषेचे हे अंतरही मोजले जाते आणि नोंद होते ती शिकण्यातली उणीव म्हणून. समान निकष नसेल तर मागास भागाकडे दुर्लक्ष होईल, हा आक्षेप रास्त आहे; पण अंतिम पातळी एकच ठेवून तिथवरचे टप्पे आणि भाषा गावाला ठरवता येतात. न शिकलेल्या पालकांना त्यातले काय कळणार, हा आक्षेप मात्र लंगडा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले आणि बांबूचा व्यवहारही स्वतः सांभाळला. त्याच तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळाच काढली. पुढे शिक्षण हक्क कायद्यावर बोट ठेवून प्रशासनाने तिला बेकायदा ठरवणारी नोटीस दिली. व्यवहार्य असेल तेथवर मातृभाषेतून शिकवावे, असे त्याच कायद्याचे कलम २९ सांगते.