कर्ण चुकला का?

करकंबला आमच्या गल्लीत चातुर्मासात पांडवप्रताप लागायचा. एकजण ओवी वाचणार, दुसरा अर्थ सांगणार. आजीला अक्षरओळख नव्हती, पण कर्णाबद्दल तिचं मत दरवर्षी बदलायचं. एका वर्षी ती कुंतीवर चिडलेली, तर पुढच्या वर्षी कर्णावरच. मी तेव्हा गाईडमधून कर्णाची स्वभाववैशिष्ट्यं पाठ करत होतो: दानशूर, स्वाभिमानी, मित्राला जागणारा. पाचपैकी पाच मार्क मिळाले. आजीनं विचारलं, "मग त्यो चुकला का न्हाई?" ते गाईडात नव्हतं.

पांडवप्रताप श्रीधरस्वामींनी १७१२ साली पूर्ण केला. ते शेजारच्या सांगोला तालुक्यातल्या नाझऱ्याचे. त्याआधी १७०२ मध्ये हरिविजय, १७०३ मध्ये रामविजय. हे ग्रंथ चारचौघांत बसून ऐकले जायचे, रोज थोडे, ओळीनं. पुढं काय होणार हे सगळ्यांना ठाऊकच असायचं. त्यामुळे बोलणं व्हायचं ते असं का झालं, यावर. कथानक, पात्र, आशय असे वेगळे कप्पे तिथं कुणी पाडत नव्हतं.

१८५४ साली परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी जुन्या मराठी कवींचे वेचे निवडून 'नवनीत' काढलं. (आमच्या पिढीला नवनीत म्हटलं की गाईडच आठवतं, ते निराळं.) पोथ्यांतली कविता छापून विद्यार्थ्यांच्या हातात आली, हे काम लहान नव्हतं. पोथीला कुणी ओसरीवर बसायचं आणि कुणी अंगणातून ऐकायचं हे ठरलेलं असे. छापील पुस्तकाला निदान ओसरी नव्हती.

पण वेचा म्हणजे मधूनच उचललेला तुकडा. ऑफिसात कुणी अख्खा प्रोजेक्ट न दाखवता एकच फंक्शन पाठवून 'हे काय करतं?' विचारावं, तसं. मग परीक्षेत 'संदर्भासहित स्पष्टीकरण द्या' आलं. आधी संदर्भ कापायचा, मग पोरांना तोच लिहायला लावायचा! १९६७ ला बालभारती स्थापन झाली, पुस्तकं खूप सुधारली. तरी कादंबरी धड्यात येते ती वेच्यानंच. पुस्तकात जागा तेवढीच, हेही खरं.

आजी आता नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिचा पांडवप्रताप मी पहिल्या अध्यायापासून वाचायला घेतला. रात्री फोनवर आईला थोडा वाचून दाखवतो. ती मध्येच थांबवून अर्थ विचारते, म्हणून वेळ लागतो. कर्ण अजून रणांगणावर आलेला नाही.