दुसरा प्रोसेसर

‘अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारला, म्हणून पुण्यात परम जन्मला’ हे वाक्य आपण शाळेच्या दिवसांपासून ऐकत आलो आहोत. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. क्रे भारतात आला होता. आला नाही तो त्याचा दुसरा प्रोसेसर.

भारताची मागणी होती ‘क्रे एक्स-एमपी/२४’ या यंत्राची. या नावातील आकडे वाचता आले की सारा वाद कळतो. पहिला अंक प्रोसेसरांची संख्या सांगतो, तर दुसरा स्मृतीची क्षमता दशलक्ष शब्दांत सांगतो. म्हणजे दोन प्रोसेसर आणि चाळीस लाख शब्दांची सामायिक स्मृती. हा शब्द ६४ बिटांचा असल्याने आजच्या मापात ती जेमतेम ३२ मेगाबाइट भरते! अण्वस्त्रांच्या आराखड्यांसाठी आणि सांकेतिक संदेश उकलण्यासाठी यंत्राचा वापर होईल, अशी अमेरिकेला धास्ती होती. बराच काळ चाललेल्या वाटाघाटींनंतर १९८७ मध्ये तिने ‘एक्स-एमपी/१४’ देऊ केला. स्मृती तेवढीच राहिली, प्रोसेसर मात्र एक, आणि वापर केवळ हवामानासाठी. दशक संपता संपता ते यंत्र दिल्लीतील राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रात कामाला लागले.

एक प्रोसेसर कमी झाल्याने एवढे काय बिघडते, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडेल. दोन प्रोसेसर लावले म्हणजे काम निम्म्या वेळात होते, ही समजूत मुळातच भाबडी आहे. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच तिची मर्यादा दाखवली होती. एखाद्या गणिताचा ९० टक्के भाग वाटून करता येतो आणि उरलेला १० टक्के क्रमानेच करावा लागतो, असे धरू. मग दुसरा प्रोसेसर जोडल्यावर वेग दुप्पट न होता सुमारे १.८ पट होतो. ६४ प्रोसेसर जोडले तरी तो पावणेनऊ पटींच्या आसपास अडतो, आणि कितीही जोडले तरी दहापटीपलीकडे जात नाही. म्हणून खरी कसोटी प्रोसेसर मोजण्याची नसून गणिताची पुनर्रचना करून तो १० टक्के हिस्सा घटवण्याची आहे. हवामानाचे गणित या बाबतीत उदार आहे. पृथ्वीच्या वातावरणाचे चौकोन पाडून वाटून देता येतात, आणि शेजारच्या चौकोनांशी तेवढी देवाणघेवाण करावी लागते.

याच वळणावर पुणे येते. १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. त्याचे नेतृत्व अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे विजय भटकर यांच्याकडे आले. तीन वर्षांत महासंगणक उभा करायचा होता. क्रेसारखा एक अतिवेगवान प्रोसेसर घडवणे तेवढ्या काळात अशक्यच होते. तेव्हा साधे प्रोसेसर पुष्कळ संख्येने जोडण्याचा मार्ग धरला गेला. ही कल्पना पुण्याचीच होती असे मात्र नव्हे. बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत ‘फ्लोसॉल्व्हर’ १९८६ मध्येच चालू झाला होता, आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘अनुपम’ची जुळणी होत होती. परमचे नाव अधिक गाजले, एवढेच.

सी-डॅकने निवडलेला घटक होता ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचा टी-८०० ट्रान्स्प्युटर. त्याची रचना मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. क्रेचे प्रोसेसर एकाच स्मृतीवर तुटून पडत. संख्या वाढली की त्या स्मृतीच्या दाराशी गर्दी होई. ट्रान्स्प्युटरला मात्र स्वतःची स्मृती होती आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे. एक चिप जोडली की गणनशक्ती, स्मृती आणि संपर्काची वाट ही तिन्ही एकदम वाढत. मोबदल्यात सगळा भार आज्ञावली लिहिणाऱ्यावर पडे. कोणती माहिती कुठे ठेवायची, कोणी कोणाला केव्हा कळवायचे, हे त्यानेच ठरवायचे. त्यासाठी सी-डॅकने ‘परस’ ही प्रणाली लिहिली. माझ्या मते परमचे अस्सल देशी काम या प्रणालीत आणि जोडणीच्या आराखड्यात आहे; चिप परदेशीच होती, आणि हे सांगण्यात कमीपणा कसला?

६४ ट्रान्स्प्युटरांचा परम ८००० १९९१ मध्ये सादर झाला. पुढची पायरी तर आपल्या विषयाशी थेट भिडते. ट्रान्स्प्युटर संवादात तरबेज होता, पण दशांश आकडेमोडीत मागे पडू लागला होता. म्हणून परम ८६०० मध्ये त्याच्या जोडीला इंटेलचा आय-८६० प्रोसेसर बसवण्यात आला. एकाने निरोप पोहोचवायचे, दुसऱ्याने गणित सोडवायचे. १९९८ च्या परम १०००० पर्यंत ट्रान्स्प्युटर इतिहासजमा झाला होता. त्या यंत्राचा प्रत्येक नोड म्हणजे सन कंपनीचा बाजारात मिळणारा सर्व्हर होता, आणि त्यात ४०० मेगाहर्ट्‌झचे दोन अल्ट्रास्पार्क प्रोसेसर होते. दहा-अकरा वर्षांपूर्वी ज्यासाठी दोन सरकारे वाटाघाटी करत होती, तो दुसरा प्रोसेसर आता प्रत्येक नोडमध्ये आपोआपच येत होता.

२००३ मध्ये एएमडीच्या ऑप्टेरॉनने स्मृतीचा नियंत्रक प्रोसेसरच्या आत नेला आणि प्रोसेसर एकमेकांना थेट दुव्यांनी जोडले. ट्रान्स्प्युटरची आठवण व्हावी अशीच ही मांडणी, आणि आज ती सर्रास आढळते. संधी मिळाल्यास महाविद्यालयातील दोन सॉकेटचा सर्व्हर बंद करवून, वीजजोडणी काढून, तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली आत पाहा. दुसरे सॉकेट रिकामे असेल, तर त्याच्या बाजूचे स्मृतीचे खाचेही मुके असतात. त्यांत कितीही रॅम बसवा, ती दिसणार नाही; कारण तिचा नियंत्रक अजून न बसवलेल्या त्या प्रोसेसरमध्ये आहे.